गोळी न झाडणारा हवालदार : चंद्रसिंह गढवाली

आपल्या वस्त्यांमधली बरीच मुले-मुली आज पोलीस भरती, एसआरपीएफ, सीआरपीएफ आणि अग्निवीरची तयारी करतात. पहाटे ग्राउंड, दुपारी लेखी परीक्षेची पुस्तके. त्या पुस्तकांत पेशावरचा उल्लेख आला तर तो एका ओळीचा असतो. साल १९३०, गढवाली शिपायांचा गोळीबारास नकार, नेते चंद्रसिंह गढवाली. एक गुण मिळतो आणि पान उलटते. ज्यांना उद्या खांद्यावर बंदूक घेऊन जमावासमोर उभे राहावे लागणार आहे, त्यांनी या माणसाचे आयुष्य एका ओळीच्या पुढे वाचायला हवे, म्हणून हा लेख.

गढवाली हे त्यांचे आडनाव नव्हते. ते चंद्रसिंह भंडारी. २५ डिसेंबर १८९१ रोजी आजच्या उत्तराखंडातील पौडी गढवाल भागात, एका साध्या राजपूत शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. डोंगरउतारावरची तुटपुंजी शेती, शाळा जेमतेम. अशा घरातल्या पोराला रोख पगाराचा एकच मार्ग ठाऊक होता. ३ सप्टेंबर १९१४ रोजी, पहिले महायुद्ध सुरू होऊन महिना झाला असताना, ते लॅन्सडाउनला जाऊन गढवाल रायफल्समध्ये भरती झाले.

ही भरती कशी चालायची हे आपण नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्याची दुसरी बाजू आपल्याच घरात घडलेली आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी लढाऊ जमातींचा सिद्धान्त मांडला. शीख, गुरखा, पठाण, डोगरा, गढवाली हे जन्मजात लढवय्ये आणि बाकीचे नालायक, असा तो सरकारी जातिवाद होता. १८८७ मध्ये गढवाली शिपायांची स्वतंत्र पलटण उभी राहिली. त्यानंतरच्या काही वर्षांतच महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या बापजाद्यांनी कोरेगावला रक्त सांडले ते अचानक सैन्यासाठी अयोग्य ठरले. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला, सुभेदार रामजींनीही त्यासाठी खटपट केली. म्हणजे एका डोंगरातल्या पोरांना जातीच्या नावावर आत घेतले जात होते आणि दुसरीकडच्या पोरांना जातीच्याच नावावर बाहेर ठेवले जात होते. दोन्हीकडे हिशेब एकच होता, साम्राज्याला कोण निमूटपणे उपयोगी पडेल.

१९१५ मध्ये चंद्रसिंह फ्रान्सच्या आघाडीवर गेले. १९१७ मध्ये मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. युद्ध संपले आणि बक्षिसाऐवजी कपात आली. पलटणी कमी झाल्या, अनेकांना घरी पाठवले, अनेकांचे दर्जे उतरवले. चंद्रसिंहही हवालदाराचे पुन्हा साधे शिपाई झाले. ज्या सरकारसाठी खंदकांत राहिलो त्याच्या लेखी आपण केवळ गरजेपुरते, हे त्यांना तेव्हा कळले असावे. पुढे त्यांनी आर्य समाजाचे आणि काँग्रेसचे साहित्य वाचायला सुरुवात केली, गांधीजींच्या सभांना जाऊ लागले, आणि नोकरीही इतकी चोख केली की पुन्हा हवालदारपदावर पोहोचले. हे दोन्ही एकाच वेळी चालू होते. ते काही छावणीत घुसलेले छुपे क्रांतिकारक नव्हते. पगार घेणारे, कवायत करणारे, वरिष्ठांचा विश्वास असलेले नोकरदार सैनिक होते.

१९३० च्या एप्रिलमध्ये त्यांची पलटण, म्हणजे रॉयल गढवाल रायफल्सची दुसरी बटालियन, पेशावरला होती. मिठाचा सत्याग्रह देशभर पसरलेला. सरहद्द प्रांतात खान अब्दुल गफ्फार खान यांची खुदाई खिदमतगार संघटना उभी राहिली होती. घराघरात बंदूक असलेल्या पठाणांनी शस्त्र न उचलण्याची शपथ घेतलेली, हेच सरकारला सर्वांत अवघड वाटत होते. त्या दिवसांत गोऱ्या अधिकाऱ्यांनी गढवाली शिपायांना समजावले की पेशावरमध्ये हिंदू अगदी थोडे आहेत, मुसलमान त्यांना छळतात, आणि आपल्याला त्यांचे रक्षण करायला बाजारात जावे लागेल. चंद्रसिंहांनी अधिकाऱ्यांची पाठ वळल्यावर सोबत्यांना वेगळे सांगितले. हे भांडण हिंदू-मुसलमानांचे नसून सरकार आणि लोक यांच्यातले आहे, आणि आपल्याला आपल्याच लोकांवर गोळ्या चालवायला नेले जाणार आहे.

माझ्या दृष्टीने या सगळ्या कथेत हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. हिंदू शिपाई मुस्लिम शहरात नेमायचा, हा योगायोग नव्हता, ती व्यवस्था होती. एका समूहाची बंदूक दुसऱ्या समूहावर रोखायची, म्हणजे हात थरथरणार नाही. चंद्रसिंहांनी ही व्यवस्था बराकीतच ओळखली. बाजारातला प्रसंग त्यानंतर आला.

२३ एप्रिलला गफ्फार खानांना अटक झाली. पेशावर शहरातल्या पुढाऱ्यांचीही धरपकड झाली. दोन पुढाऱ्यांना नेणारी लॉरी वाटेत बंद पडली, तेव्हा त्या दोघांनी आपण होऊन काबुली दरवाजाच्या ठाण्यात चालत जाण्याचे कबूल केले, आणि मागे प्रचंड गर्दी जमली. डेप्युटी कमिशनरने लष्कर मागवले. चिलखती गाड्या वेगात गर्दीत घुसल्या आणि माणसे चिरडली गेली. एक गोरा मोटारसायकलस्वार मारला गेला, एक गाडी पेटली, आणि किस्साखानी बाजारात गोळीबार सुरू झाला. लोक प्रेते उचलत होते, पुन्हा पुढे येत होते. मृतांचा सरकारी आकडा आणि लोकांनी मोजलेला आकडा यांत मोठे अंतर राहिले. सरकारी चौकशी वेगळी झाली आणि काँग्रेसने विठ्ठलभाई पटेलांच्या अध्यक्षतेखाली वेगळी समिती नेमली. पटेल समितीचा अहवाल सरकारने जप्त केला, यावरून काय ते समजावे.

गढवाली शिपायांची तुकडी या गर्दीसमोर उभी होती. कॅप्टनने गोळी चालवण्याचा हुकूम दिला. चंद्रसिंहांनी त्याच्या शेजारून तितक्याच मोठ्या आवाजात गढवाल्यांना थांबण्यास सांगितले. बंदुका खाली आल्या. कॅप्टनने कारण विचारले तेव्हा समोरचे लोक निःशस्त्र आहेत, त्यांच्यावर आम्ही गोळी कशी चालवावी, असे त्याला उत्तर मिळाले. मग गोऱ्या शिपायांना पुढे आणले गेले.

दुसऱ्या दिवशी, २४ एप्रिलला, पलटणीला पुन्हा शहरात जाण्याचा हुकूम झाला. लॉऱ्या उभ्या होत्या. शिपाई चढले नाहीत. आदल्या रात्री बराकीत खलबत झाले होते आणि साठेक जणांनी एकत्र राजीनामा लिहून दिला होता. आपल्याला देशाच्या शत्रूंशी लढायला भरती केले आहे, निःशस्त्र देशबांधवांवर गोळ्या चालवायला नव्हे, असा त्याचा आशय होता.

समाजशास्त्र शिकताना सैन्याकडे शिस्तीची संस्था म्हणून पाहायला शिकवतात. पेशावरमध्ये त्या शिस्तीचीच उलटी बाजू दिसली. इंग्रजांनी एकाच खोऱ्यातली, एकमेकांच्या नात्यागोत्यातली माणसे एका पलटणीत भरली, कारण भावकीच्या लाजेखातर कोणी रणातून पळत नाही. त्याच भावकीच्या लाजेखातर त्या रात्री कोणी फुटलाही नसावा. एकट्या शिपायाने नकार दिला असता तर तो फितूर किंवा भित्रा ठरून संपला असता. साठ जणांचा नकार सरकारला लपवता आला नाही.

त्यांनी काय केले नाही, हेही पाहू. हातात भरलेल्या बंदुका असताना त्यांनी अधिकाऱ्यांवर त्या रोखल्या नाहीत. शस्त्रागार लुटले नाही, शहर ताब्यात घेतले नाही. शस्त्रे काढून घेतली तेव्हा दिली. अटक झाली तेव्हा गेले. सरकारचे मात्र धाबे दणाणले. फौज काही दिवस शहराबाहेर ठेवली गेली आणि मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत पेशावर जवळजवळ लोकांच्याच हाती राहिले.

शिपायांना ॲबटाबादला नेऊन लष्करी न्यायालयासमोर उभे केले. आरोप बंडाचा, ज्याला फाशी होऊ शकत होती. गढवालचेच बॅरिस्टर मुकुंदीलाल यांनी बचाव केला. चंद्रसिंहांची फाशी टळली, जन्मठेप झाली, मालमत्ता जप्त झाली. डझनाहून अधिक सोबत्यांना वेगवेगळ्या मुदतीचा तुरुंगवास झाला, बाकीचे बडतर्फ झाले. म्हणजे पगार, पेन्शन, गावातली पत, सगळे गेले. नोकरीच्या एका पगारावर किती घरे चालतात हे आपल्याला सांगायची गरज नाही.

आता या कथेतला कडू भाग. मार्च १९३१ मध्ये गांधी-आयर्विन करार झाला. सत्याग्रही कैदी सुटले. परंतु हुकूम मोडल्याबद्दल शिक्षा झालेले सैनिक आणि पोलीस या माफीत येणार नाहीत, असे त्या करारात स्पष्ट लिहिले होते. अहिंसेचे सर्वांत अवघड प्रात्यक्षिक ज्यांनी बंदूक हातात असताना दाखवले, तेच आत राहिले. त्याच वर्षी गांधीजी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले होते. बाबासाहेबांशी त्यांचा अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वावरून संघर्ष चालू होता तो हाच काळ. तिथे एका फ्रेंच पत्रकाराने त्यांना गढवाली शिपायांबद्दल छेडले. गांधीजींचे उत्तर असे की हुकूम नाकारणारा सैनिक आपली शपथ मोडतो. आपण सैनिकांना अवज्ञा शिकवू शकत नाही, कारण उद्या सत्तेवर आल्यावर बहुधा याच सैनिकांची आपल्याला गरज लागेल, आणि आज शिकवलेली अवज्ञा ते तेव्हा आपल्याशीही करतील.

हे वाचून राग येतो. मलाही आला. तरी रागापुरते थांबून चालणार नाही, कारण प्रश्न खरा आहे. कोणता हुकूम पाळायचा हे प्रत्येक पलटण स्वतः ठरवू लागली तर निवडून आलेल्या सरकारला काय अर्थ राहील? शेजारी पाकिस्तानात १९५८ पासून सैन्याने नागरी सरकारचे पुन्हा पुन्हा काय केले ते आपण पाहिले आहे. भारतात असे झाले नाही, त्यामागे बाबासाहेबांनी साकारलेल्या संविधानाची रचना आहे. सेनादलांचे सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे, आणि राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणार. कलम ३३ नुसार सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते. आरक्षणाचा, दलित-बहुजनांच्या मताचा अर्थ टिकायचा तर बंदूक मताच्या हाताखालीच राहिली पाहिजे. बंदूकवाला स्वतःच्या मर्जीने चालू लागला तर पहिला बळी आपलाच जाईल.

पण गांधीजींनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या, असे मला वाटते. सैन्याने नागरी सत्ता आपल्या हाती घेणे वेगळे आणि सैनिकाने निःशस्त्र माणसाला मारायला नकार देऊन त्याची शिक्षा भोगणे वेगळे. पहिल्यात बंदूक वापरली जाते, दुसऱ्यात ती खाली ठेवली जाते. आपला कायदाही हा फरक पूर्ण पुसत नाही. १९५० च्या आर्मी ॲक्टमधले हुकूम मोडण्याचे कलम ४१ कायदेशीर हुकमाबद्दल बोलते, कोणत्याही हुकमाबद्दल नाही. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ७६ मध्ये सैनिकाचेच उदाहरण होते. वरिष्ठाच्या हुकमावरून जमावावर गोळी चालवणाऱ्या शिपायाचा गुन्हा होत नाही, पण हुकूम कायद्याला धरून असला तर. अडचण ही की कायदेशीर काय आणि बेकायदा काय, हे न्यायालय काही वर्षांनी ठरवते. शिपायाला ते काही सेकंदांत ठरवावे लागते, आणि चुकला तर भोगायचे त्यानेच.

१३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत गोळ्या झाडणारे शिपाई गोरे नव्हते. गुरखे, शीख, बलुची असे पन्नास बंदूकधारी होते, १६५० फैरी झडल्या. त्या शिपायांची नावे कुणी विचारत नाही, जबाबदारी डायरवर टाकून आपण मोकळे होतो. आणि ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव दलाच्या गोळीबारात १० जण गेले, तेव्हा तर ना इंग्रज होते ना साम्राज्य. बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेने संतापलेली ती आपली माणसे होती. तिथेही हुकूम देणारा आणि चाप ओढणारे वेगवेगळे होते.

विनयपिटकातल्या महावग्गात या जातीची एक गोष्ट आहे. राजा बिंबिसाराचे सैनिक सीमेवरच्या बंडाळीवर पाठवले गेले. लढाईतल्या हिंसेचे पाप नको म्हणून काही जणांनी सरळ संघात येऊन प्रव्रज्या घेतली. बिंबिसाराने तक्रार केली, आणि बुद्धांनी राजाच्या चाकरीतल्या माणसाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम केला. काही जण हे राज्याशी केलेली तडजोड मानतात. मला त्यात इतकेच दिसते की सैनिकाचा हा पेच अडीच हजार वर्षांपूर्वीही कुणाला सोपा वाटलेला नाही.

चंद्रसिंहांनी पुढची अकरा वर्षे एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात काढली. ॲबटाबाद, डेरा इस्माईल खान, बरेली, नैनी, लखनौ, अल्मोडा. तिथे त्यांना क्रांतिकारक कैदी भेटले, पुस्तके मिळाली, आणि आर्य समाजी हवालदार हळूहळू साम्यवादाकडे वळला. २६ सप्टेंबर १९४१ रोजी ते सुटले, पण गढवालमध्ये पाऊल ठेवायला बंदी. मग काही काळ आपल्या वर्ध्याजवळ सेवाग्रामला गांधीजींच्या आश्रमात राहिले. ज्यांनी आपल्या कृतीला शपथभंग म्हटले त्यांच्याच आश्रमात. त्यांनी याचा मनात आकस धरलेला दिसत नाही. १९४२ च्या आंदोलनात ते पुन्हा पकडले गेले, सात वर्षांची शिक्षा झाली, १९४५ मध्ये सुटले. गावाकडे जायला १९४६ चा डिसेंबर उजाडला.

त्याच १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईत ‘तलवार’ या किनाऱ्यावरच्या नौदल तळावरून नौसैनिकांचे बंड पेटले होते. काँग्रेसने आणि मुस्लिम लीगनेही त्यांना शस्त्र खाली ठेवायला सांगितले, आणि बडतर्फ झालेल्यांना स्वतंत्र भारताच्या नौदलाने परत घेतले नाही. पेशावरमध्येही असेच काहीसे घडले. स्वातंत्र्याला वर्ष होत असताना, १२ ऑगस्ट १९४८ रोजी, चारसद्द्याजवळच्या बाबडा गावी खुदाई खिदमतगारांवर पुन्हा गोळीबार झाला, या वेळी पाकिस्तानी सरकारच्या हुकमावरून. गांधीजींना ज्या गरजेची कल्पना होती ती नव्या राज्यकर्त्यांना सीमेच्या दोन्ही बाजूंना लवकरच पडली.

चंद्रसिंह कम्युनिस्ट पक्षात गेले. १९४८ मध्ये टिहरी संस्थानाविरुद्धच्या लढ्यात उतरले. स्वतंत्र भारतातही त्यांना अटक झाली, आणि त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांनी नोंदवले आहे की सरकारी कागदात पेशावरचे बंड तेव्हाही त्यांचा गुन्हा म्हणूनच मोजले गेले. सोबत्यांना पेन्शन मिळावी म्हणून ते अर्ज करत राहिले. निवडणुकीचे राजकारण त्यांना जमले नाही.

एक गोष्ट राहू नये. त्यांच्या गढवालमध्ये शिल्पकार जातींच्या नवरदेवाला पालखीत बसायला सवर्णांनी मनाई केली होती. त्याविरुद्धचे डोला-पालखी आंदोलन जयानंद भारती यांनी चालवले. पेशावरला पठाणावर गोळी न चालवणारे शिपाई ज्या गावांतून आले, त्याच डोंगरांत दलितांच्या वराती अडवल्या जात होत्या. चंद्रसिंहांचे मोठेपण सांगताना जयानंद भारतींचे नाव गाळणे अन्यायाचे होईल.

चंद्रसिंहांचे चरित्र लिहिले राहुल सांकृत्यायन यांनी. पेशावर घडले त्याच १९३० साली राहुलजी श्रीलंकेत भिक्खू झाले होते. पुढे तेही मार्क्सवादाकडे वळले. पाली-तिबेटी ग्रंथांत आयुष्य घालवलेल्या या पंडिताने एका कमी शिकलेल्या हवालदाराच्या आठवणी ऐकून पुस्तक केले, म्हणून आज इतके तरी तपशील हाती आहेत. ते हिंदीत सहज वाचता येते, तयारी करणाऱ्या मुलांनी जरूर मिळवावे.

१ ऑक्टोबर १९७९ रोजी चंद्रसिंह गेले, वयाच्या ८८ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर. १९९४ मध्ये टपाल तिकीट निघाले. उत्तराखंड झाल्यावर तिथल्या वैद्यकीय संस्थेला, फलोद्यान विद्यापीठाला आणि पर्यटनाच्या स्वयंरोजगार योजनेला त्यांचे नाव मिळाले. त्यांच्याबरोबर राजीनाम्यावर सही करून नोकरी गमावलेल्या साठेक शिपायांची नावे मात्र आजही जुन्या यादीतून शोधून काढावी लागतात.